उजेडात बोला

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोनं मला मिशी काढायला लावली. आमच्याकडे बाप मेला की माणूस मिशी काढतो. माझा बाप तर तेव्हा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. मला पाहून गावातले दोघे भेटायला आले आणि त्यालाच विचारू लागले, "कोन गेलं हो?" बापानं आत बोट दाखवलं. "कोनी गेलं नाही. सून आली."

कारण साधं होतं. माझ्या बायकोला, म्हणजे आमच्या पोरीच्या, मंगलाच्या मायला, लहानपणच्या तापापासून ऐकू फार कमी यायचं. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घ्यायची. म्हणाली, "मले नुसती तुमची मिशी हालतानी दिसते. बोलनं मिशीखालीच राह्यते." उजेडही लागायचा. मी कोपऱ्यातून काही पुटपुटलो की तिचं ठरलेलं, "उजेडात बोला." भांडायचं असलं तरी आधी मला हाताला धरून दारात आणायची, मग भांडायची.

मी चौथीवाला, ती सातवी पास. कानामुळे तिला तीन स्थळांनी नाकारलं होतं. दोघांनी लगेच नाही म्हटलं, त्यांचा तिला राग नव्हता. मेहकरकडच्या एका घरानं मात्र चार महिने ना हो ना नाही असं टांगून ठेवलं. त्यांचा विषय निघाला की ती भाकरी जास्त जोरात थापायची. मी पाहायला गेलो त्याच दिवशी हो म्हणालो, म्हणून पसंत पडलो. दुसरं काही माझ्यात नव्हतं.

बीटी कपाशीची पहिली वर्षं आमच्या रानात बरी गेली. त्या जोरावर आमची मंगला बाहेर शिकली. कान तपासायचे, मशीन बसवायची, त्यातली पदवी तिनं घेतली. पुढं एमएस्सी करायची होती, ऑडिऑलॉजीची. हा शब्द मला अजून धड म्हणता येत नाही. तिनं तीन ठिकाणी अर्ज केले. मुंबईच्या कॉलेजनं नाही म्हटलं. दक्षिणेतल्या एकानं हो म्हटलं, पण आठ दिवसांत पक्कं सांगा म्हणाले. नागपूरवाल्यांनी वेटिंगवर ठेवलं, चौथा नंबर. पोरीचा जीव नागपुरात. तिथले पेशंट आपली बोली बोलतात म्हणून.

मी म्हटलं, "हातातलं धरून ठेव, अन् नागपूरची वाट पाय."

तिची माय भडकली. "दोन घरी हो म्हनते काय मानूस? तिकडंबी कोनाची पोरगी वाट पाहून राह्यली असंल. मनात नाही त्या घरी जाऊ नको. आजच नाही म्हनून टाक." मुंबईलाही उत्तर लिहायला लावलं, की तुमचा निरोप पोचला, आम्ही कुठं कमी पडलो तेवढं सांगा.

मंगला म्हणाली, "माय, नकाराले कोनी उत्तर देते काय?"

"माहा बाप द्यायचा. नाही म्हननाऱ्या स्थळाले."

मंगलाचा नंबर दोनवर आला आणि तिथंच थांबला. दक्षिणेतली जागा नाही म्हणून सोडलेली, नागपूरची आली नाही. मी तेव्हा जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दारात, उजेडात उभा राहून बोललो, शब्द न् शब्द तिला दिसला. ती म्हणाली, "चुकलं माहं. पोरीचं वरीस गेलं."

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. लोकांनी उभ्या कपाशीच्या पऱ्हाटीत गुरं सोडली. मंगलाची माय रोज सकाळी रानात जाऊन नखानं बोंडं फोडून पाहायची. एका सकाळी तिनं मंगलाला समोर बसवलं. हे का शिकायचं, असा एक कागद अर्जासोबत द्यावा लागतो, तो मराठीत सांग म्हणाली. मंगला सांगू लागली, समाजाची सेवा, गोरगरिबांची सेवा. मायनं पदरातलं बोंड काढून तिच्या हातावर ठेवलं. "वरून कसं हिरवंगार हाय. फोड." आत अळी होती. "तुहा कागद असा हाय. खरं लिही."

गंमत अशी की मुंबईचं उत्तर आलं, त्यातही हेच होतं. अनुभव कमी, आणि हा कागद कोणाचाही असू शकतो.

मग मंगला वर्षभर खामगावच्या एका दवाखान्यात राबली. गावोगाव फिरून लोकांचे कान तपासले. मायलाही मशीन बसवली. मायनं दोन दिवस घातली आणि काढून ठेवली. "साऱ्या गावाचं भांडन घरात येते." त्या मशीनचे सेल ती बीटी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात जपून ठेवायची. पोरगी घरी आली की मात्र मशीन कानात असायची.

पुढच्या अर्जातली पहिली ओळ मंगलानं मला वाचून दाखवली. "माझ्या वडिलांना मिशी नाही." मी म्हटलं, "आता हे नागपूरले सांगायचं काय?" मुलाखतीत म्हणे त्यांनी आधी माझ्या मिशीचंच विचारलं. पहिल्याच यादीत नाव आलं. माय रडली नाही की पेढे आणायला पाठवलं नाही. "आजच कळव," म्हणाली.

मंगलाचं दुसरं वर्ष चालू असताना, थंडीत, छातीच्या तापानं तिची माय गेली. पाचव्या दिवशी. दहाव्याला क्रियेला मीच बसलो, तर न्हावी माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "काका, मिशी तर..."

म्हटलं, "ते मी जितेपनीच देली तिले."

आता तोच न्हावी म्हणतो, काका, ठेवा की मिशी. मी ठेवत नाही. सकाळी चहा झाला की दारात बसतो, उजेडाकडे तोंड करून. मागच्या महिन्यात मंगलाला नागपुरातच नोकरी लागली. तेही तिच्या मायला मी असंच बसून सांगितलं, ओठ नीट हलवून, हळूहळू. त्याच दिवशी सांगितलं.