श्रीफळ कोण फोडणार?

माझी मुलगी समुद्रातल्या जिवाणूंवर संशोधन करते असं ग्वाल्हेरमध्ये सांगितलं की लोक आधी हसतात. "समुद्र? आणि आपल्याकडची पोरगी?" ती गोव्याला एका प्रयोगशाळेत असते. आपोआप कुजतं म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे तुकडे समुद्राच्या पाण्यात ठेवायचे, त्यात जिवाणू सोडायचे आणि तुकडा किती उरला ते वजन करून पाहायचं, हे तिचं काम. माझी सगळी नोकरी इंदरगंजच्या एका कचेरीत आकडे तपासण्यात गेली. त्यामुळे तिचं काम मला सहज कळेल अशी माझी समजूत होती.

मागच्या गणपतीत ती घरी आली तेव्हा चहाबरोबरच मी विचारलं, "एक पिशवी किती दिवसांत संपते?"

"कुठल्या पाण्यात, बाबा?"

"समुद्राच्याच."

"गार की कोमट? आणि पिशवी कशाची? आणि त्या पाण्यात कोणते जिवाणू आहेत?"

"अगं, एक आकडा सांग की!"

"एकच सांगितला तर तो गलत असेल."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बापावर गेलीय. आता भोगा."

मग मुलीने नीट सांगितलं. प्लास्टिक म्हणजे लांबलचक साखळी, ती जिवाणूच्या आत मावत नाही. काही थोडे जिवाणू आपलं एन्झाइम बाहेर सोडतात आणि ते साखळी तोडतं. तुकडे झाले की ते खायला दुसरेही येतात. तोडणारा नसेल, तर खाणारे कितीही असोत, पिशवी जशीच्या तशी. हे मला पटलं. आकडा मिळाला नाही म्हणून थोडा राग मात्र राहिला.

गोरखीजवळच्या सभागृहात आमच्या मंडळाचा गणपती बसतो. तिथे तिचा सत्कार ठरला होता. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे दाना ओली या आमच्या गल्लीतले शेजारी. मुलीला त्यांनी लहानपणी कडेवर खेळवलेलं. त्यांनी स्वतः तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं आणि माइक धरला.

"आपल्या बेटीचे जंतू प्लास्टिक खातात! म्हणून यंदा मी खास त्या विरघळणाऱ्या पिशव्या मागवल्या आहेत. निर्माल्य पिशवीत भरा आणि पिशवीसकट विसर्जनाच्या कुंडात सोडा. रिकामी करायची झंझटच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओल्या, सडक्या फुलांत हात घालायचं काम दर विसर्जनाला आम्हा सर्वांनाच नकोसं असतं. मीही टाळ्या वाजवल्या, आणि मध्येच माझे हात थांबले. आमच्या कुंडातलं पाणी नळाचं. ते समुद्राचे जिवाणू तिथे कुठून येणार?

मुलगी समोर उभी होती. अध्यक्षांना तिने सगळ्यांदेखत चूक म्हणायचं, तेही त्यांनीच घातलेली शाल अंगावर असताना? ती नुसतं "धन्यवाद" म्हणून खाली आली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. मला कळलं असतं. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. मुलगी काय बोलेल म्हणून, की बोलणार नाही म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

मुलीने श्रीफळ वर धरलं.

"काका, हे फोडलं नाही तर इथे कोण खाऊ शकेल?"

"मैं तो नहीं," मागून एक आजोबा म्हणाले, "मेरे तो दांत भी नहीं." सभागृह हसलं.

"तसंच आहे. जो जिवाणू प्लास्टिक असं फोडतो तो मला समुद्रात सापडला. आपल्या कुंडात तसा कुणी आहे का, ते मला माहीत नाही, मी तपासलेलं नाही. तोवर पिशव्या कुंडात नकोत. फुलं रिकामी करावी लागतील. मी आहे ना हात घालायला."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी श्रीफळ तिच्या हातातून घेतलं, खाली वाकून पायरीवर आपटलं आणि पहिला तुकडा तिच्याच हातावर ठेवला. "मुझे ही तोड़ना पड़ा," ते म्हणाले. तेव्हा कुठे टाळ्या झाल्या.

आयुष्यभर मी लोकांच्या कागदांवर "पडताळणी बाकी" असा शेरा मारत आलो. स्वतःच्या कौतुकावर तो शेरा मारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या घरचं होतं.

विसर्जनाच्या दिवशी शालीऐवजी जुना दुपट्टा कमरेला बांधून ती कुंडाशी उभी होती. बाजूला मी, माझ्या बाजूला अध्यक्ष. तिघांचेही हात कोपरापर्यंत झेंडूने माखलेले.

"तुमच्या पोरीने काम वाढवून ठेवलं," ते पिशवी झटकत म्हणाले. "पण मला एक सांगा, ही पिशवी शेवटी किती दिवसांत संपते?"

"कुठल्या पाण्यात?" मी विचारलं.