गाळात रुतलेल्या होडीतली नवरी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हाला माहितीपट करायचा होता, दोघींत मिळून एक. माझी जोडीदार बोरिवलीची, मी मुलुंडची. विषय तिनं काढला. गोराईला जायला रस्ता नव्हता, फक्त होडी होती, त्या दिवसांच्या आठवणी. कॅमेरा मिळाला, माणसं ठरली आणि नेमक्या शूटिंगच्या आधी मला कांजिण्या आल्या.

आईनं माझी रवानगी आतल्या खोलीत केली. उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला, खिडकीला जुनी पिवळी साडी लावली. मैत्रीण एकटीच शूट करून आली आणि फोनवर म्हणाली, "एडिट तू कर. नाहीतरी पडूनच आहेस ना." हार्ड डिस्क पिशवीत घालून ती आमच्या दाराच्या कडीला अडकवून गेली.

त्या खोलीत मी किती दुपारी काढल्या, कोण जाणे. साडीतून गाळून आलेलं ऊन भिंतीवर हळदीसारखं पसरायचं. अंगात कणकण असायची, कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. आणि समोर गोराईतल्या एका घरातल्या दोन म्हाताऱ्या जावा. मोठ्या आंटीची मुलाखत सकाळी ओट्यावर घेतलेली होती, धाकटीची जेवणानंतर आतल्या वेताच्या खुर्चीत. त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी. पहिल्यांदा मला अर्धंच कळलं. मग ऐकता ऐकता ती कानात अशी मुरली की आई जेवायला हाक मारायची तेव्हा तिचंच मराठी परकं वाटायचं. इथे मात्र मी त्यांचं बोलणं माझ्या भाषेत सांगतेय.

मोठ्या आंटी सांगत होत्या ते त्यांच्या लग्नाचं. लग्न लागलं बोरिवलीच्या बाजूच्या चर्चमध्ये. दुपारी नवरीला होडीत घालून गोराईला आणायला निघाले, तेवढ्यात ओहोटी लागली आणि होडी खाडीच्या मधोमध गाळात रुतली. ना पुढे ना मागे. दोन्हीकडे तिवरांची झाडं, वर ऊन. बँडवाले मागच्या होडीत होते, ते बराच वेळ वाजवत राहिले, मग एकेक करून तिथेच झोपले. मुलं भुकेनं रडायला लागली तेव्हा लग्नाचा केक होडीतच कापला. नवरीच्या पांढऱ्या बुटावर एक खेकडा चढून बसला. संध्याकाळी भरती आली तेव्हा कुठे होडी हलली.

मग मी धाकट्या आंटीची मुलाखत लावली. त्यांनाही मैत्रिणीनं विचारलं होतं, तुमचं लग्न कसं झालं? त्या हसल्या, खिडकीकडे बघत राहिल्या आणि सांगायला लागल्या. होडी गाळात रुतली. बँडवाले झोपले. केक कापला. बुटावर खेकडा.

मी मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, एकाच घरातल्या दोन नवऱ्या तशाच अडकतील का?" ती म्हणाली. "एक जण फेकतेय."

"कोण?"

"ते मला काय माहीत! धाकटीचं कापून टाक. मोठी जास्त नीट सांगते."

मी कापून बघितलं. मोठ्या आंटी खरंच नीट सांगत होत्या, काय झालं, मग काय झालं. पण नवरीच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांच्या तोंडून कुठेच येत नव्हतं. ते सगळं धाकटीकडे होतं. "पाणी दूर दूर जाताना दिसायचं," त्या म्हणत होत्या, "आणि मला वाटलं, आता ते परत येणारच नाही. ना आईचं घर, ना सासर. आपण इथेच राहायचं."

त्या वाक्यावर मी कितीदा तरी मागे गेले. ऐकता ऐकता डोळा लागायचा, आणि झोपेत मला पायाखाली लाकूड लागायचं, चिखलाचा उबट वास यायचा. कुणीतरी माझ्या हातात केकचा तुकडा द्यायचं. जाग आली की हातात डहाळ्याचं पान असायचं.

शेवटी मी दोघींना एकत्र विणलं. एक वाक्य मोठीचं, त्याला जोडून धाकटीचं. मोठी म्हणते, होडी रुतली. धाकटी म्हणते, सगळं एकदम शांत झालं. ओट्यावरची सकाळ आणि आतली दुपार एकमेकींत मिसळत गेली, आणि एकच बाई बोलतेय असं वाटायला लागलं.

कॉलेजच्या मॅडमना आवडलं. पण त्यांनी विचारलंच, "लग्न नक्की कोणाचं गं? त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. मी बरी झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघी खाडी ओलांडून गोराईला गेलो.

त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते, पण मला सगळं ठाऊक होतं. वेताची खुर्ची कुठल्या बाजूला करकरते तेसुद्धा. दोन्ही आंटी समोर आल्या तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ मिठीच मारणार होते. मोठ्या आंटी माझ्याकडे बघत मैत्रिणीला म्हणाल्या, "ही कोण? आणि हिच्या तोंडाला काय झालं?"

"कांजिण्या झाल्या होत्या, आंटी. हिनंच जुळवलंय सगळं."

टेबलावर लॅपटॉप ठेवला. दोघी एकाच बाकावर टेकून बसल्या. फिल्म सुरू झाली. होडी रुतली, बँडवाले झोपले. दोघी आपापली तोंडं बघून हसत होत्या. मग पडद्यावरची धाकटी म्हणाली, "मला वाटलं, आता ते परत येणारच नाही."

मोठ्या आंटी बाकावर वळल्या. "हे मी तुला सांगितलं नव्हतं."

"नाही," धाकट्या आंटी म्हणाल्या. "ते माझं मीच."

"मला पण तसंच वाटलं होतं," मोठ्या आंटी हळूच म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही."

मी फिल्म थांबवली. मग त्यांनीच सांगितलं. धाकटी लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत तिचा नवरा बोटीवर कामाला गेला. ती रडत बसायची. मोठी तिच्याशेजारी चटईवर पडून आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची, ती गप्प होईपर्यंत.

"रोज सांगायची," धाकट्या आंटी म्हणाल्या. "मग मला ते दिसायलाच लागलं. आता कुणी लग्नाचं विचारलं की तेच समोर येतं. माझं मला कुठे नीट आठवतंय!"

मैत्रीण चाचरत म्हणाली, "मग आंटी, तुमचं तेवढं काढून टाकू का?"

"कशाला?" मोठ्या आंटीच बोलल्या. "राहू दे. खेकडा तिचाही आहे."

मी धाकट्या आंटींना विचारलं, "पण तुम्ही खरं तर कशा आलात?"

"बसनं. वसईहून. तोवर रस्ता झाला होता."

"आणि वाटभर उलट्या केल्या," मोठ्या आंटी म्हणाल्या. "माझ्या नव्या साडीवर."

"तुझ्या नाही, आत्याच्या!"

"माझ्या! निळी होती."

मैत्रिणीनं घाईघाईनं कॅमेरा काढला, माईक माझ्या हातात दिला. मी तो दोघींच्या मध्ये धरून जमिनीवर बसले. बस, साडी, आत्या, वाटेत कुणीतरी दिलेलं लिंबू, सगळं दोघी एकदम बोलत होत्या. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. हसताना मोठ्या आंटींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा धाकटीनं आपला पदर पुढे केला.

तेही आम्ही फिल्ममध्ये घेतलं. मॅडम म्हणाल्या, लांबलंय, थोडं छाटा. मी घरी बसून खूप प्रयत्न केला. पण दोघींचे आवाज एकमेकांत असे गुंतले होते की कात्री लावायला कुठे फटच सापडेना. शेवटी होतं तसंच ठेवलं.