दोनदा मंजूर झालेल्या पुलाचे नाना

सरकारं दोन असतात, एक राज्याचं आणि एक केंद्राचं, हे आपण शाळेत घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. आमच्या जळगावच्या गल्लीत टोकाला राहणारे नाना हे अख्ख्या खानदेशातले एकमेव गृहस्थ, ज्यांनी या दोन्ही सरकारांशी एकाच वेळी नेटाने संसार केला. बांधकामाच्या सरकारी कचेरीने त्यांना निवृत्त करून बरीच वर्षं झाली. नानांनी कचेरीला अजून निवृत्त केलं नव्हतं. दर सोमवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी थैला, थैल्यात शासन निर्णयांच्या झेरॉक्स आणि केळीचे वेफर्स. "वेफर्स कशाला?" मी एकदा विचारलं. "साहेब जेवायला गेले की परत यायला वेळ लागतो, पोरी. उपाशी माणसाचा आवाज चढतो. आवाज चढला की फाइल ढिगात खाली जाते." मी पत्रकं काढणारी, घोषणा देणारी बाई. माझा आवाज जन्मापासून चढलेला. तरी या माणसाशी माझं जमलं, हे कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी अजून कबूल केलेलं नाही, इथे करते.

रस्ता पाहून तो कोणाच्या पैशातून झाला हे सांगणारे पुष्कळ भेटतील. नाना डोळे मिटून सांगत. धुळ्याच्या एसटीत डुलक्या काढत "केंद्र... केंद्र..." असं पुटपुटत बसायचे, एरंडोलला गाडी प्रवासी घ्यायला आत वळली आणि डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, की डोळे न उघडता म्हणायचे, "आलं राज्य." गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा स्मशानात सगळे मान खाली घालून उभे, आणि नाना मान वर करून पत्रे बघतायत. "शेड आमदार निधीतली," ते माझ्या वडिलांच्या कानात म्हणाले, "ओटा जिल्हा नियोजनातला, वरचा दिवा केंद्राच्या योजनेतला. लाकडं तेवढी घरची." मार्चअखेर खर्ची न पडलेला निधी परत जातो, म्हणून मार्चमध्ये ते कोणाच्याही लग्नाला जात नसत. स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी एप्रिलच्या भर उन्हात लावलं आणि वऱ्हाडी वितळत असताना समाधानाने म्हणाले, "नवं आर्थिक वर्ष शे!"

पण त्यांचा खरा ध्यास म्हणजे पोच. दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत, आणि तिच्यावर घेणाऱ्याची सही नि शिक्का. शेजारी वाटीभर लोणचं दिलं तरी चिठ्ठीवर सही. भाचीच्या लग्नात आहेराचा कुकर दिला आणि नवऱ्या मुलाला मुंडावळ्या बाजूला सारून 'मिळाला' असं लिहायला लावलं. माझी पत्रकंही ते तपासायचे. 'झोपी गेलेल्या सरकारचा धिक्कार असो!' असं मी छापायला निघाले, तर समासात लाल पेनाचा शेरा: 'कोणतं सरकार? दोन आहेत. धिक्कार कोणत्या लेखाशीर्षाखाली?' मी चिडले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लेखाशीर्ष म्हणजे काय ते विचारायला गेले. सरकारी पैशाचा कप्पा, एवढाच त्याचा अर्थ. पण तिथेच फसले.

नानांचं मूळ गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाला लागून नाला, आणि नाल्याच्या मधोमध जिल्ह्याची हद्द. अलीकडचा काठ जळगावचा, पलीकडचा धुळ्याचा. पलीकडच्या गावात त्यांची थोरली बहीण, अक्का. पावसाळ्यात नाला भरला की ते गाव तुटायचं. अडलेल्या बाईला बाजेवर घालून चार माणसं छातीएवढ्या पाण्यातून आणायची. मी हे पाहिलं आहे, आणि हे पाहून ज्याला राग येत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही. अक्काने स्वतःची सून अशीच पाठवली होती. सून परत आली, बाळ आलं नाही. त्या दिवसापासून अक्काने नाला ओलांडला नाही. माहेर हाकेच्या अंतरावर, पण उन्हाळ्यात कोरड्या नाल्यातूनसुद्धा नाही. नाना अर्जाची प्रत घेऊन गेले की म्हणायची, "माले कागद नको दखाडू. पूल दे, मंग मी तुना कागदवर अंगठा दिसू." अंगठा देईन, म्हणजे तिची पोच.

आणि या हुशार नानांनी आयुष्यातली एकमेव चूक केली. खात्री दुप्पट व्हावी म्हणून एकाच पुलाचे दोन प्रस्ताव केले. अलीकडच्या गावाच्या ठरावावर जळगावहून राज्याच्या योजनेत, पलीकडच्या गावाच्या ठरावावर धुळ्याहून केंद्राच्या योजनेत. एक तरी लागेल असा अंदाज. दोन्ही लागले. एकाच आठवड्यात दोन्ही मंजूर! नानांनी गल्लीत पेढे वाटले, सह्या घेऊन. महिन्याभरात दोन्ही फायली 'दुबार काम' असा शेरा घेऊन परत. जळगावचे साहेब म्हणाले, "धुळ्याकडून होतोय ना पूल? ते करत नाहीत असं पत्र आणा." धुळ्याचे साहेब म्हणाले, "जळगाव करत नाही असं पत्र आणा, उद्या काम सुरू." मी म्हटलं, "नाना, मोर्चा!" ते थकून म्हणाले, "कोणाच्या दारात नेशील? दोघांनी हो म्हटलंय." नाही म्हणणाऱ्या सरकारशी कसं भांडायचं ते मला येतं, हो म्हणणाऱ्या दोघांविरुद्ध मला एक ओळ सुचेना. अक्काला सुचली. "दोन्ही हो म्हंतस आनि एक बी देत नही? हाई कसं सरकार शे रे भाऊ?"

वाट एकच होती. एका गावाने ठराव करून सांगायचं की आम्हाला पूल नको. नानांनी स्वतःचं गाव निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "केंद्राचा पैसा आला तर राज्याला आपला वाटा टाकावाच लागतो. राज्याचा आला तर केंद्र नुसतं अभिनंदन करतं." ग्रामसभेत आरडाओरडा झाला. "नाना, पूल तुना आनि पाटीवर नाव तेस्नं?" मागून एकाने टोमणा मारला. "पाटीवरथीन कोनी चालस का रे?" नाना म्हणाले, आणि हळूहळू हात वर झाले. जन्मात एकही अर्ज मागे न घेतलेल्या माणसाने 'सदर पूल नको' असं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. कचेरीत मी सोबत होते. कागद टेबलावर ठेवून ते सरळ जिना उतरू लागले. "नाना, पोच!" मी ओरडले. "ह्याची नको," ते म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत. दुसरी प्रत शिक्क्यावाचून थैल्यात गेली.

पूल झाला. पाटीवर केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, पलीकडच्या गावाचं नाव. नानांच्या गावाचं नाव कुठे नाही. मान्यवर फीत कापून, भाषणं ठोकून, गाड्यांत बसून गेले. मग अक्का आली. पुलाच्या मधोमध थांबून कठड्यावरून खाली पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग चालत अलीकडे आली आणि भावापुढे हात केला. "कागद काढ." नानांना कळेना कोणता. थैला उपसला, तर प्रत्येक प्रतीवर शिक्का. एकच बिनशिक्क्याची निघाली. अक्काला वाचता येत नाही. तिने पूजेच्या ताटातल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि 'सदर पूल नको' या ओळीखाली दाबून उमटवला. नानांनी तो कागद वाळेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला.

हल्ली नाना सोमवारीही घरीच असतात. शर्ट इस्त्रीचाच, थैला मात्र खुंटीला. परवा मी नवं पत्रक घेऊन गेले. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली, परत दिलं. "बरं शे, पोरी." मी घडी उलगडून समासात लाल शेरा शोधला. धिक्कार नेमका कोणत्या सरकारचा, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.