शंभरात ऐंशी वेळा पॅक

बायको गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुलानं मला कॅनडात, ऑटावाजवळच्या कनाटाला आणलं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. कोल्हापूरला मशीनशॉपात लेथवर पस्तीस वर्षं काढली. मुलगा टेलिकॉम कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, सून बँकेत जाते. सकाळी आठाला दोघं आपापल्या गाडीनं निघायची आणि घरात मी एकटा. ड्राइव्हवे शोव्हल करायचो, पण बर्फ तरी रोज कुठून पडणार? उरलेला वेळ भिंतीशी बोलत बसायचो. म्हणजे बायकोशीच. ती होती तेव्हा तिच्याशी एवढं बोललो असतो तर ती घाबरली असती.

मुलाच्या ते कानावर गेलं असावं. एका रविवारी त्यानं मला बेसमेंटमध्ये नेलं, जुना कंप्युटर लावून दिला आणि पोकर दाखवलं. आपल्या हातात दोन पानं, टेबलावर पाच उघडी, त्या सातांतून ज्याची पाच पानं भारी पडतील त्याचा डाव. समोर खरी माणसं, देशोदेशीची, फक्त तोंडं दिसत नाहीत. त्यानं स्वतःच्या कार्डावरून पन्नास डॉलर भरले.

"अण्णा, हे पन्नास. संपले की गेम ओव्हर. परत मागायचे नाहीत."

"मागतंय कोण? जन्मभर तीन पत्ती खेळलोय मी."

आणि त्या तीन पत्तीनंच घात केला. आमच्या शॉपात दिवाळीला बैठक बसायची. पानं न बघता ब्लाइंड खेळेल तो मर्द, पानं टाकून पॅक करेल तो पळपुटा, असा सगळा हिशेब. मी इथंही तसाच बसलो. आलं ते पान धरून ठेवायचं. शिवाय सेंटासेंटाची छोटी टेबलं होती, दोन-पाच डॉलर घेऊन बसायची, तिथं बसायला मला लाज वाटली. जिथं लोक पंचवीस डॉलर घेऊन बसतात तिथं जाऊन बसलो.

एका सकाळी मला सात, आठ, नऊ, दहा, गुलाम असा सरळ सिक्वेन्स लागला. टेबलावर होतं नव्हतं ते सगळं पुढं ढकललं. समोरच्यानं पानं उघडली. त्याची पाच बदामं, नुसता कलर, वेडीवाकडी, एकाला एक लागून नाही. मी हसलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत पैसे त्याच्याकडं गेले. मी तडक मुलाला ऑफिसात फोन लावला.

"तुझा कंप्युटर चोर आहे."

"अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे."

"सिक्वेन्स माझा आणि पैसे कलरवाल्याला?"

तो हळू आवाजात म्हणाला, "पोकरमध्ये कलर मोठा असतो. सिक्वेन्स त्याच्याखाली. मी सांगितलं होतं."

"नव्हतं सांगितलंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नको."

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. पन्नास वर्षं तेच डोक्यात बसलेलं. पंधरा दिवसांत पन्नासाचे बारा डॉलर राहिले.

शनिवारी मुलगा माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसला. खेळलेला प्रत्येक डाव तो कंप्युटर लिहून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं.

"शंभर डावांत तुम्ही नऊ वेळा पॅक केलंय. नाइन!"

"मग? घाबरतो काय मी?"

"चांगले खेळणारे ऐंशी वेळा टाकतात, अण्णा."

"मग खेळतात कधी?"

"उरलेल्या वीस वेळा."

मग त्यानं अट घातली. मार्चअखेर बाराचे पंचवीस करून दाखवायचे. झाले तर खेळ चालू. नाही झाले तर तो अकाउंट क्लोज करणार आणि मी रोज सीनियर सेंटरला जायचं. पैशाचं मला काही वाटत नव्हतं. पण पहिल्यांदाच सकाळी उठून करायला काहीतरी होतं. ते गेलं असतं तर पुन्हा मी आणि भिंत. आणि सीनियर सेंटरमधली म्हातारी इंग्रजीत बिंगो खेळतात.

जाता जाता तो म्हणाला, "जिंकलो की हरलो ते बघू नका. डिसिजन बरोबर होता का तेवढं बघा. बरोबर खेळूनही माणूस हरतो. लाँग टर्ममध्ये बरोबर खेळणाराच पुढं जातो."

माझ्या तोंडून गेलं, "मग तुझ्या आईचं ऑपरेशन? तेही बरोबरच होतं म्हणायचं?"

ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. तो विषय आम्ही दोघांनी एकदाही काढला नव्हता. तो स्टुलावरून अर्धा उठला होता, तो परत बसला.

"डॉक्टर बहुतेक पेशंट बरे होतात म्हणाले होते. तुमच्या जागी मीसुद्धा सही केली असती."

"तुझी आई काय पत्त्याचं पान होती?" मी म्हटलं आणि वर निघून आलो. पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारपासून मी सेंटांच्या टेबलावर बसलो. मुलाची इंग्रजी बडबड मी माझ्या भाषेत लावून घेतली. लेथवर एक जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला तुकडा, बाद झाला म्हणून कुणी मशीनला लाथ घालत नाही. मशीन बंद करायचं, टूल बघायचं, धार गेली असेल तर लावून घ्यायची. टूल ठीक असेल तर लोखंडात खोट होती म्हणायचं आणि दुसरा जॉब मशीनच्या पकडीत, चकात धरायचा. शंभरातले पंच्याण्णव मापात आले की कारागीर चांगला. मग पत्त्यांना वेगळा न्याय कशाला?

मी कंप्युटरशेजारी दोन वाट्या ठेवल्या आणि डब्यातला राजमा घेतला. डाव संपला की एक दाणा. शहाण्यासारखा खेळलो तर उजव्या वाटीत, मग डाव हरलो का असेना. हावरटपणा केला, लाजेनं पान धरलं, की डावीकडं, मग पैसे मिळाले तरी. पहिल्या दिवशी डावी वाटी भरून सांडली.

सून संध्याकाळी ओरडली, "अण्णा, राजमा कुठं गेला? भिजवायचा होता."

"खाली आहे. माझ्या चुका आहेत त्या."

ती वाटी घेऊन वर आली. "एवढ्या? चौघांना पुरतील."

त्यानंतर ती रोज विचारायची, आज चुका किती? एकदा मी सांगितलं, सहा. ती म्हणाली, "असं शहाणपण करत राहिलात तर उपाशी राहू आपण."

फेब्रुवारीत मी शंभरात सत्तर वेळा पॅक करायला लागलो होतो. पानं टाकायची म्हणजे हात शिवशिवायचा, पण टाकायची. टाकली की बघत बसायचं, कोण चिडून खेळतोय, कोणाला सोडवत नाही. चिडलेला माणूस तोंड दिसलं नाही तरी ओळखू येतो. तो माझ्यासारखा खेळतो.

संक्रांतीला एक धडा मिळाला होता. सून तीळ भाजत होती, तो वास जिन्यावरून खाली आला. बायको तिळात गूळ जास्त घालायची, दाताला चिकटायचे लाडू. डोळ्यांपुढं पानं होती, ती दिसेनाशी झाली आणि अर्ध्या तासात तीन डॉलर गेले. तेव्हा ठरवलं, ती फार आठवेल त्या दिवशी खाली उतरायचं नाही. वर बसायचं, चहा करायचा, आठवायचं. दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. माझा खेळ सुधारला तो सगळ्यात जास्त या एका गोष्टीनं.

मार्चचा शेवटचा दिवस रविवारी आला. सकाळी माझे सत्तावीस डॉलर होते. दोघं ग्रोसरीला गेली होती. मी बसायलाच नको होतं असं कोणी म्हणेल. पण खेळ शिकायचा आणि शेवटच्या दिवशी पदर सांभाळून बसायचं, हे मला पटत नव्हतं. साडेचार डॉलर घेऊन टेबलावर बसलो आणि लगेच एक्क्याची जोडी आली. समोरच्यानं सगळं लावलं, मीही लावलं. त्याच्याकडं राणीची जोडी. शेवटचं पान राणी, त्याच्या तीन झाल्या.

साडेबावीस.

ती दोघं यायला अजून दोन तास होते. पंचवीसवालं टेबल एका बोटाच्या अंतरावर होतं. एक डाव लागला असता तर पंचवीस काय, चाळीस झाले असते. मी त्या टेबलाच्या नावावर बाण नेऊन ठेवला. कान गरम झाले होते. बाण त्या नावावर ठरत नव्हता. असा हात घेऊन मी कधी लेथला शिवलो नाही, म्हणून चार बोटं शाबूत आहेत आणि अंगठाही. मी कंप्युटर बंद केला आणि वर येऊन बसलो.

मुलगा पिशव्या घेऊन दारात आला.

"हरलात?"

"हरलो. बरोबर खेळून हरलो. साडेबावीस आहेत. शब्द म्हणजे शब्द, बंद कर तुझं ते."

बूट न काढता तो खाली गेला. सून ओरडली, "अहो, कार्पेट!" तो बराच वेळ आला नाही. मग जिन्यातूनच म्हणाला, "एक्के होते. करेक्ट होता डाव. पण अण्णा, नंतर दोन तास होते, मोठ्या टेबलावर का नाही गेलात?"

"डोकं तापलं होतं."

तो वर आला, माझ्यासमोर बसला. आई गेल्यापासून तो असा कामाशिवाय समोर बसला नव्हता.

"टार्गेट मीच चुकीचं लावलं होतं," तो म्हणाला. "एका दिवसाच्या आकड्यावर कुणी टेस्ट पास-फेल करत नाही. पुढच्या मार्चपर्यंत खेळा, मग बघू."

"पुढच्या मार्चपर्यंत जगलो तर."

"तेवढं जगायला लागेल. मला आकडा हवाय."

मी बरं म्हटलं. गाडीत अजून पिशव्या होत्या, त्या आणायला दोघं बाहेर गेलो.