मागे घेतलेला पेपर

"वाचलं काय तुमी, का नुसतं मोजलं?" असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या. समोर प्राचार्य असोत की नवा विद्यार्थी, सूर तोच. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना ते भांडण वाटलं होतं. वऱ्हाडात आम्ही लाडानंही असंच बोलतो, हे त्यांना कोण सांगणार!

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मी शेजारच्या रसायनशास्त्र विभागात. त्यांचं संशोधन सिकलसेल या रक्ताच्या आजारावर. आईबाप स्वतः धडधाकट, पण दोघंही या आजाराचे वाहक असले, तर लेकराला तो होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी रक्त तपासलेलं बरं. मॅडमनी खेड्यात, फ्रिजशिवाय करता येईल अशी स्वस्त चाचणी बसवली आणि तिच्यावर पेपर लिहिला. तो गाजला. देशोदेशीचे संशोधक आपल्या लेखांत त्याचा हवाला देऊ लागले. याला सायटेशन म्हणतात, आणि आमच्या धंद्यात माणसाचं वजन त्यावरच करतात. प्रयोगशाळेत कधी न फिरकलेले विभागप्रमुखही 'आमचा पेपर' म्हणू लागले.

पुढे परतवाड्याकडच्या बायकांचं रक्त महागड्या पद्धतीनं पुन्हा तपासताना मॅडमना दिसलं, की अंगात रक्त फार कमी असेल तर आपली चाचणी चुकते. बाई वाहक असली तरी 'काही नाही' म्हणून सांगते. आणि आमच्याकडे तर अंगात पुरेसं रक्त असलेली बाईच शोधावी लागते!

मॅडमनी चूक कुठे झाली ते छापून पेपर मागे घ्यायचं ठरवलं. प्रमुख हादरले.

"एवढी सायटेशनं आहेत, मॅडम! छोटीशी दुरुस्ती छापा की."

"ज्या बाईले मी 'तुले काई नाई' म्हणून सांगितलं, तिले ते दुरुस्ती कोण वाचून दाखवणार?"

पेपर मागे घेतला. मग त्या गावोगाव फिरून त्या बायकांना पुन्हा तपासू लागल्या. एकदा मीही बरोबर होतो. एका घरी मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आता ती वाहक निघाली. तिची आई कडाडली, "तवा काहून नाई सांगितलं?" मॅडमनी हात जोडले. "माही चूक झाली, बाई. पोराचंबी रक्त तपासू, मंगच पुढचं ठरवा." मुलगा वाहक नव्हता, लग्न झालं. परतताना जीपमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं वरडली. आपल्यावर कोणी वरडत नाई, म्हणून चुका राहून जातात."

यानंतर प्राध्यापकपदाच्या बढतीची मुलाखत अकोल्याला झाली. समितीतले एक तज्ज्ञ म्हणाले, "तुमचा सर्वांत महत्त्वाचा पेपर तर रद्द झालाय."

"रद्द नाई झाला. मी वापस घेतला. काहून घेतला, ते वाचलं काय तुमी?"

कोणीच वाचलं नव्हतं. बढती दुसऱ्याच एका गृहस्थांना मिळाली. त्यांचं एक मित्रमंडळ आहे. तिथं सगळे एकमेकांच्या पेपरांचा हवाला देतात. तुम्हीही असे गृहस्थ पाहिले असतील, त्यांच्या गळ्यात हारही घातले असतील. चूक लपवणाऱ्याला कोणी हात लावत नाही, कबूल करणाऱ्याला मात्र शिक्षा! मला आजही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

गेल्या हिवाळ्यात, नोकरीत असतानाच, मॅडम गेल्या. शोकसभेत प्रमुखांनी मोबाइल काढला आणि अभिमानानं सांगितलं, की त्यांच्या त्या गाजलेल्या पेपरची सायटेशनं अजूनही वाढतच आहेत.

मला राहवेना. मी उठलो. "सर, तो पेपर चुकीचा आहे म्हणून त्यांनी स्वतः मागे घेतला होता. ते सांगा ना!"

"अहो, आजच्या दिवशी तरी चांगलं बोलावं."

"मग हेच चांगलं आहे त्यांचं!" माझा आवाज फाटला.

शेजारच्या कोणीतरी माझी बाही ओढली. प्रमुखांनी घाईघाईनं श्रद्धांजली वाहायची सूचना केली आणि सगळं सभागृह मौनासाठी उभं राहिलं. मी आधीच उभा होतो.