स्लॅबचं जेवण

लातुरात माझ्या घराचा स्लॅब आज टाकणार आहेत. गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या गुत्तेदारानं चूल मांडलीय. बुंदी तळल्याचा वास आला.

मी लहान असताना असाच वास आमच्या देवणीकडच्या गावात सुटला होता, शाळेच्या स्लॅबच्या दिवशी. एरवी स्लॅब टाकून झाला की मग गोड जेवण घालतात. त्या दिवशी मात्र काँक्रीट ओतायच्या वेळेलाच गुत्तेदारानं सगळं गाव महादेवाच्या देवळात पंगतीला बसवलं. आणि आग्रह तरी केवढा! उठू म्हटलं की पानात परत बुंदी. आई माझ्या कानाशी म्हणाली, "स्लॅबच्या आधी कुणी जेवू घालतं व्हय? ह्यात कायतरी हाय." गरम बुंदी तोंडात होती, मला आईचीच लाज वाटली.

हात धुऊन आम्ही शाळेपाशी आलो. सकाळी दिसलेली सळयांची दाट जाळी आता दिसत नव्हती, वर सगळं काँक्रीट पसरलं होतं. ताडपत्री झाकलेला एक ट्रॅक्टर गावाबाहेर निघाला होता. चाक खड्ड्यात गेलं की आत लोखंड खणखणायचं. आईनं त्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं.

आज त्या स्लॅबला खालून टेकू लावलेत. पोरं लिंबाखाली शिकतात.

"ताई, ताट वाढलंय, चला. इथलं आम्ही बघतो की," माझा गुत्तेदार हसत म्हणाला.

मी सळयांपाशी खुर्ची ओढली.

"ताट इथंच आणा."