विसाव्याचा दगड

पुण्याहून दिल्ली दोन तास, असं विमानात बसल्या बसल्या हवाईसुंदरीनं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. मग नाश्ता आला. पावासोबतच्या लोण्याच्या वडीचा कागद उलगडला आणि वास आला तो आईच्या डोक्यावरच्या गाडग्याचा.

विंझरच्या वरच्या धनगरवाड्यातून आम्ही नसरापूरच्या बाजाराला लोणी न्यायचो. आईच्या डोक्यावर गाडगं, माझ्या कडेवर धाकटी सखू. ऊन चढायच्या आत पोचलं नाही तर लोणी पाघळायचं. न वाकता ओझं उतरवता यावं म्हणून वाटेत डोक्याच्या उंचीचे दगड रचलेले असत. त्यांना विसावा म्हणायचे. आमच्याकडं अंतर कोसांत नव्हे, विसाव्यांतच सांगत.

लढाईचे दिवस होते. अशाच एका विसाव्याशी आम्ही टेकलो असताना वरून विमान घरघरत गेलं. सखूनं भिऊन माझ्या मानेला मिठी मारली.

“आये, आपल्यापरीस लई बिगी पोचत असंल न्हाई?” मी म्हणाले.

आईनं पदरानं घाम पुसला. “पोचंल की. पर वर इसावा कुठाय? दमत असत्याल बिचारी.”

मी इतकी हसले की सखूही रडायची थांबून हसायला लागली.

ती सखू काल दिल्लीत वारली.

लोणी मी तसंच ठेवलं. दोन तास म्हणजे काही फार नाही. पण माझी डावी कड भरून आलीय, आणि सखूला जरा खाली ठेवावं तर वाटेत कुठंच दगड नाही.